रस्त्याचा पैसा रस्त्यालाच: राज्याच्या घटनेत कुलूप कसं लावायचं, पायरी पायरीने

दरवर्षी गाडीच्या नंबरप्लेटवरच्या स्टिकरचं रिन्यूअल आलं की मी त्या कागदाकडे दोन मिनिटं बघत बसतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात साध्या गाडीला २०२० पासून १५१ डॉलर लागतात, त्याआधी १०१ होते. शिवाय पंपावर प्रत्येक गॅलनमागे राज्याचा कर वेगळा. हे पैसे आपण ‘रस्त्यासाठी’ देतो असं आपल्याला वाटत असतं, पण ते रस्त्यालाच जातील हे कुठे लिहिलेलं असतं का? बऱ्याच राज्यांत फक्त साध्या कायद्यात लिहिलेलं असतं, आणि साधा कायदा विधिमंडळ एका रात्रीत बदलू शकतं. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हे थेट आपल्या घटनेत लिहून टाकलं. इथे याला लोक ‘लॉकबॉक्स’ म्हणतात. मी शिकागोच्या पश्चिमेला राहतो, २०१६ ला इलिनॉयच्या अशाच घटनादुरुस्तीवर मत दिलं, तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. अमेरिकेत मतदार असलेल्या आपल्या लोकांना थेट उपयोग होईल, आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनाही पेट्रोलवरच्या सेसचं काय होतं हे समजून घ्यायला मदत होईल.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. भारतात राज्यांना स्वतःची घटना नाही, इथे पन्नासही राज्यांना आहे, आणि ती बदलायला बहुतेक सगळीकडे शेवटी जनतेचं मत घ्यावंच लागतं. त्यामुळे घटनेत घातलेली गोष्ट काढायची तर परत जनतेकडे जावं लागतं, आणि कुलुपाची सगळी ताकद तिथेच आहे. साध्या कायद्यातलं कुलूप किती टिकतं याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. २००० च्या कायद्याने पेट्रोल-डिझेलच्या सेसमधून सेंट्रल रोड फंड झाला, नावातच रोड. २०१८ मध्ये त्याचं सेंट्रल रोड अँड इन्फ्रास्ट्रक्चर फंड झालं, आणि पाणी, वीज, शिक्षणसंस्था, हॉस्पिटलं असं सगळं त्याच्या यादीत आलं. ही कामं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण सेस ज्या नावाने सुरू झाला ते नाव बदलायला संसदेत एक दुरुस्ती पुरली.

पायरी १: पैसा नेमका कुठून गळतो ते आधी शोधा

‘रस्त्याचे पैसे पळवतात’ असं ओरडून काही होत नाही. कुठल्या फंडातून, कुठल्या वर्षी, कशाकरता हे दाखवावं लागतं. राज्याच्या बजेटमध्ये रस्त्यांचा वेगळा फंड असतो. इलिनॉयमध्ये त्याला रोड फंड म्हणतात, त्याचा नंबर ११, आणि राज्याचा हिशोब ठेवणाऱ्या कंट्रोलरच्या साइटवर फंडाप्रमाणे जमा-खर्च बघता येतो. एक संध्याकाळ काढा, चहा घेऊन बसा, मागच्या पाच वर्षांचे आकडे एका शीटमध्ये उतरवा.

गळती साधारण चार प्रकारची असते. सगळ्यात उघड म्हणजे सरळ ट्रान्सफर, रोड फंडातून उचललं आणि जनरल फंडात, म्हणजे राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत, टाकलं. दुसरी ‘स्वीप’, म्हणजे बजेटला भोक पडलं की सगळ्या स्पेशल फंडांवरून एकदाच झाडू फिरवायचा. २०१५ च्या मार्चमध्ये इलिनॉयने चालू वर्षाचं बजेट सावरायला स्पेशल फंडांतून जवळजवळ १३० कोटी डॉलर असेच गोळा केले, रोड फंडही त्यात होता. तिसरी पटकन दिसत नाही: दुसऱ्या खात्यांचा खर्च या फंडाच्या नावावर टाकायचा. आमच्याकडे कित्येक वर्षं स्टेट पोलीस आणि सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (इथे गाड्यांचं रजिस्ट्रेशन आणि लायसन्स बघणारं खातं) ऑफिसचा काही खर्च रोड फंडातून जायचा. पोलीस हायवेवर असतात म्हणून थोडा खर्च पटतोही, पण किती, ही रेघ कोणी नीट मारलेली नसते. चौथी सगळ्यात अवघड, पैसा फंडात यायच्या आधीच वळवायचा. त्याबद्दल पुढे लिहितो कारण कुलूप लावूनही तीच गळती राहते.

इलिनॉयच्या दुरुस्तीच्या बाजूचे लोक सांगत होते की आधीच्या साधारण बारा-तेरा वर्षांत मिळून ६८० कोटी डॉलर रस्त्यांवरून दुसरीकडे गेले. हा आकडा बाजूने प्रचार करणाऱ्यांचा आहे हे लक्षात ठेवा, पण तो एकच आकडा सगळीकडे सारखा होता म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. विस्कॉन्सिनमध्ये तसाच १४० कोटींचा आकडा फिरत होता, आणि तिथे विरोधक म्हणत होते की त्यातला बराचसा पैसा दुसऱ्या वाटेने परत भरला. म्हणून तुमचा आकडा काढताना ‘गेले किती’ आणि ‘परत आले किती’ दोन्ही कॉलम ठेवा, नाहीतर पहिल्याच मीटिंगमध्ये तुम्हाला गप्प बसवतील.

पायरी २: तुमच्या राज्यात घटना बदलायचा रस्ता कोणता आहे ते बघा

इथे बऱ्याच लोकांचा उत्साह वाया जातो. सह्या गोळा करायला निघतात आणि नंतर कळतं की आपल्या राज्यात सह्यांनी हे होतच नाही. कॅलिफोर्नियात सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणता येते. इलिनॉयमध्ये सह्यांचा मार्ग फक्त विधिमंडळाची रचना आणि कामकाज याच विषयापुरता आहे, त्यामुळे रस्त्यांच्या पैशाचा विषय विधिमंडळातूनच जावा लागतो. दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं लागतात, म्हणजे हाउसच्या ११८ पैकी ७१ आणि सेनेटच्या ५९ पैकी ३६. गव्हर्नरची सही लागत नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं, ते उगाच गव्हर्नरच्या ऑफिसला पत्रं पाठवत बसतात.

विस्कॉन्सिनमध्ये दोन लागोपाठच्या विधिमंडळांनी तोच मजकूर मंजूर करावा लागतो, मध्ये एक निवडणूक होऊन जाते, मग जनता. कनेटिकटमध्ये एकदाच तीन-चतुर्थांश मिळाले तर सरळ मतपत्रिकेवर, नाहीतर साध्या बहुमताने पण दोन टर्म. तिथे लॉकबॉक्सला पहिल्या वेळी २०१५ मध्ये हाउसमध्ये तीन-चतुर्थांश जमले नाहीत, म्हणून २०१७ मध्ये परत मंजूर करून मग २०१८ ला मतदान झालं. न्यू जर्सीत एका वर्षात तीन-पंचमांश किंवा लागोपाठ दोन वर्षं साधं बहुमत.

आणि तारखा मोजा, प्लीज. इलिनॉयमध्ये विधिमंडळाची मंजुरी आणि निवडणूक यांच्यात निदान सहा महिने असावे लागतात. २०१६ ला हाउसने २२ एप्रिलला ९८ विरुद्ध ४ ने मंजूर केलं, सेनेटने ५ मे रोजी ५५ विरुद्ध ० ने, आणि निवडणूक ८ नोव्हेंबरला होती. तीन-चार दिवस उशीर झाला असता तर सगळं २०१८ वर गेलं असतं.

पायरी ३: मजकूर. इथेच सगळं जिंकतं किंवा हरतं

माझं मत स्पष्ट आहे, या सगळ्या कामातला निम्मा वेळ मजकुरावर घालवावा. प्रचार नंतर होतो, लोक तसेही ‘रस्त्याचे पैसे रस्त्याला’ याला हो म्हणतात. पण पाच-सहा वर्षांनी कोर्टात जेव्हा वकील उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात तुमची घोषणा नसते, फक्त शब्द असतात.

इलिनॉयचा मजकूर नवव्या आर्टिकलच्या ११ व्या सेक्शनमध्ये आहे, ऑनलाइन सहज मिळतो, एक पान पण नाही, जरूर वाचा. त्यात काय चांगलं केलंय ते सांगतो.

पहिलं, कुलूप फंडाच्या नावाला नाही लावलेलं, पैशाच्या उगमाला लावलंय. गाडीचं रजिस्ट्रेशन, टायटल (मालकीचा कागद), गाडी वापरणं, रस्ते, पूल, मास ट्रान्झिट (सार्वजनिक वाहतूक), बंदरं, विमानतळ, आणि गाडी चालवायला लागणारं इंधन, यांच्याशी संबंधित कुठलाही कर किंवा फी असेल तर तो पैसा वाहतुकीलाच जाणार, मग तो कुठल्याही खात्यात जमा होवो. कर्जरोख्यांचे पैसे पण आत घेतलेत. हा फरक किती मोठा आहे ते कनेटिकटकडे बघून कळतं. तिथे कुलूप मुख्यतः फंडाला आहे, आणि कायद्याने त्या फंडात जमा होणारे स्रोत चालू ठेवायचे असं लिहिलंय. २०१८ ला तब्बल ८८-८९ टक्के लोकांनी हो म्हटलं. आणि लगेच २०१९ मध्ये, गाडीविक्रीच्या सेल्स टॅक्सचा जो हिस्सा दरवर्षी वाढत वाढत या फंडात जायचा ठरला होता, तो वेग कमी करायचं निघालं. मग वाद सुरू, की जो पैसा अजून फंडात आलाच नाही त्याला कुलूप लागू आहे का नाही. नळाखालच्या बादलीला झाकण लावलं आणि नळच दुसरीकडे फिरवला तर झाकणाचा काय उपयोग.

दुसरं, मनाईच्या वाक्यात ‘ट्रान्सफर करून, वजावट करून किंवा इतर कुठल्याही प्रकारे’ असं आहे. ‘वजावट’ हा शब्द विसरू नका, कारण थेट पैसे न उचलता हिशोबात वळते करून तोच परिणाम साधता येतो.

तिसरं, कशावर खर्च चालेल याची यादी. बांधकाम, दुरुस्ती, रस्ते, पूल, ट्रान्झिट, रेल्वे, कर्जाचे हप्ते, फेडरल मदतीला लागणारा राज्याचा वाटा, रेल्वे क्रॉसिंग. आणि प्रशासनाचा खर्च चालेल, पण फक्त थेट कार्यक्रमाचा खर्च. ‘थेट’ हा एक शब्द त्या तिसऱ्या प्रकारच्या गळतीला लावलेली पाचर आहे. यादीत ट्रान्झिट आहे याचा अर्थ लोकल ट्रेन आणि बसलाही हा पैसा जाऊ शकतो. काही राज्यांत, उदाहरणार्थ ओहायोत १९४७ पासून, कुलूप हायवेपुरतंच आहे आणि बस-ट्रेनला इंधन कराचा पैसा मिळत नाही. मला स्वतःला इलिनॉयची पद्धत बरी वाटते, कारण रोज ट्रेनने डाउनटाउनला जाणारा माणूस पण रस्त्यावरची एक गाडी कमी करत असतो. पण तुमच्या राज्यात काय पाहिजे ते आधी ठरवा, हे नंतर सहज बदलता येत नाही.

चौथं, आणीबाणीचा दरवाजा. काही जण म्हणतात दरवाजा अजिबात नको. मेरीलँडने २०१४ मध्ये ठेवला: गव्हर्नरने आर्थिक आणीबाणी जाहीर करायची आणि मग दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं मिळाली तरच पैसा हलवायचा. मला हे वाईट वाटत नाही. महापूर किंवा मंदी आली आणि दरवाजाच नसेल तर लोक भिंत फोडायच्या वाटा शोधतात. फक्त परत किती वर्षांत भरायचं हेही घटनेतच लिहा.

पाचवं, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणि गावं. कुलूप त्यांनाही लागू का फक्त राज्याला, हे शब्दात स्पष्ट पाहिजे. इलिनॉयमध्ये हे पुरेसं स्पष्ट नव्हतं आणि त्याची किंमत चार वर्षं कोर्टात मोजावी लागली. ते पायरी ६ मध्ये.

पायरी ४: विरोधकांचं म्हणणं मनापासून ऐका

कुलुपाला विरोध करणारे सगळे पैसे पळवणारे नसतात. २०१६ ला इलिनॉयची स्थिती आठवा, जुलै २०१५ पासून जुलै २०१७ पर्यंत राज्याला पूर्ण बजेटच नव्हतं, समाजसेवा करणाऱ्या संस्थांची बिलं थकली होती, विद्यापीठांना पैसे मिळत नव्हते. तेव्हा लोक विचारत होते की रस्त्याला घटनेत कुलूप आणि अपंग मुलांच्या केंद्राला का नाही? हा प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं की इंधनाचा आणि गाडीचा कर रस्ता वापरणारा माणूस रस्ता वापरतो म्हणून देतो, तो एका अर्थाने वापराचा दर आहे, आणि बाकीच्या सेवांसाठी इन्कम टॅक्स, सेल्स टॅक्स आहेत. हा युक्तिवाद नवीन नाही. १९३४ चा हेडन-कार्टराइट कायदा, फेडरल सरकारचा, त्यात हेच म्हटलंय की गाड्यांवरचा कर दुसरीकडे वळवणं अन्यायाचं आहे, आणि जे राज्य वळवेल त्याच्या फेडरल रस्ते-मदतीतला एक-तृतीयांशपर्यंत पैसा कापायची तरतूद केली. पण उत्तर आहे म्हणून प्रश्न उडवून लावू नका. ज्या मीटिंगमध्ये नर्स आणि शिक्षक बसलेत तिथे आधी ऐका.

पायरी ५: मतदान, आणि कोऱ्या मतपत्रिकेची भीती

इलिनॉयमध्ये दुरुस्ती पास व्हायला दोन मार्ग आहेत: त्या प्रश्नावर मत देणाऱ्यांपैकी ६० टक्के, किंवा त्या निवडणुकीत मत देणाऱ्या एकूण लोकांपैकी अर्ध्याहून जास्त. दुसऱ्या मोजणीत प्रश्न कोरा सोडणारा माणूस ‘नाही’ म्हटल्यासारखाच मोजला जातो. त्यामुळे आपल्या ओळखीच्यांना सांगताना ‘हो म्हणा’ याच्या आधी ‘तो प्रश्न कोरा सोडू नका’ हे सांगा.

मतदानाआधी राज्याकडून घरी एक पुस्तिका येते, मजकूर, बाजूची मतं, विरोधातली मतं. मी ती डायनिंग टेबलवर ठेवून बायकोबरोबर आणि आमच्याकडे आलेल्या एका मित्राबरोबर मोठ्याने वाचली, मधे मधे थांबून मराठीत अर्थ लावत. मित्र म्हणाला, म्हणजे टॅक्स वाढणार का? मी म्हटलं नाही, यात टॅक्सचा एक सेंटही वाढत नाही, फक्त आहे तो कुठे जाईल ते ठरतं. त्याला पटायला पाच मिनिटं लागली. हाच गोंधळ सगळ्यांचा असतो, म्हणून प्रचारात हे वाक्य सगळ्यात आधी ठेवा.

हा गोंधळ किती महाग पडू शकतो ते न्यू जर्सीत दिसलं, आणि तिकडे एडिसनच्या आसपास आपले लोक भरपूर आहेत त्यांना आठवत असेल. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथला ट्रान्सपोर्टेशन ट्रस्ट फंड आटला, जुलैमध्ये गव्हर्नरने रस्त्यांची कामं थांबवली, शेवटी तोडगा निघाला आणि १ नोव्हेंबरपासून इंधन कर गॅलनमागे २३ सेंटने वाढला. सातच दिवसांनी मतदान, प्रश्न असा की हा सगळा कर वाहतुकीलाच राखून ठेवायचा का. लोक पंपावरचा नवीन भाव बघूनच मतदानाला गेले, आणि हो म्हटलं तर नवीन मोठं कर्ज काढायला वाट मोकळी होईल असाही प्रचार झाला. पास झालं, पण साधारण ५४ टक्क्यांनी. त्याच दिवशी इलिनॉयमध्ये जवळजवळ ७९ टक्के, २०१४ ला विस्कॉन्सिनमध्ये ८० टक्के, मेरीलँडमध्ये त्याहून थोडे जास्त. करवाढ आणि कुलूप एकाच महिन्यात आणू नका, एवढंच.

पायरी ६: पास झाल्यावर घरी बसू नका

मला सगळ्यात महत्त्वाची ही पायरी वाटते आणि नेमकी हीच सगळे सोडून देतात.

दुरुस्ती पास झाली तरी कुक काउंटी, म्हणजे शिकागो जिच्यात येते ती काउंटी, आपले सहा वाहतूक कर पूर्वीसारखेच सार्वजनिक सुरक्षेच्या फंडात टाकत राहिली, म्हणजे कोर्ट, तुरुंग, शेरीफ वगैरे. इंधन कर, गाड्यांवरचा व्हील टॅक्स, पार्किंगचा कर, गाडी खरेदीवरचे कर, मिळून वर्षाला सुमारे २४ कोटी डॉलर. २०१८ च्या मार्चमध्ये रस्ते बांधणारे कंत्राटदार, डांबरवाले, रेडीमिक्स काँक्रीटवाले, खडीवाले, इंजिनिअर यांच्या संघटनांनी मिळून केस टाकली. काउंटीचं म्हणणं, आम्ही होम रूलवाले, म्हणजे स्थानिक कारभाराचे जादा अधिकार असलेले, स्वतःचे कर स्वतः खर्च करायचा आम्हाला अधिकार आहे, ही दुरुस्ती आमच्यासाठी नाही. शिवाय तुम्हाला केस टाकायचा हक्कच नाही. खालच्या कोर्टात संघटना हरल्या, अपील कोर्टात पण हरल्या. मग २१ एप्रिल २०२२ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला: मजकुरात होम रूलला कुठेही सूट दिलेली नाही, त्यामुळे कुलूप काउंटीलाही लागू.

यातून तुम्ही दोन कामं घ्या. एक, मजकुरातच लिहा की कोण कोर्टात जाऊ शकतं, साधा करदाता जाऊ शकतो का, म्हणजे चार वर्षांतला काही वेळ तरी वाचेल. इथे संघटनांकडे वकिलांचे पैसे होते म्हणून निभावलं, साध्या नागरिकांच्या ग्रुपला हे झेपलं नसतं. दोन, दरवर्षी बजेट पास झालं की तोच पायरी १ चा शीट उघडा आणि नवीन कॉलम भरा. राज्याचंच नाही, काउंटीचं आणि गावाचंही. गावाच्या बोर्ड मीटिंगमध्ये नागरिकांना दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतं, तिथे जाऊन शांतपणे विचारा की मागच्या वर्षी आलेला इंधन कर कुठल्या लाइनवर खर्च झाला. मी दोनदा विचारलंय. दुसऱ्या वेळी फायनान्स बघणाऱ्या बाईंनी मीटिंगनंतर मला बाजूला घेऊन लाइन दाखवली, पैसा बरोबर जागी होता, आणि त्यांना कोणीतरी विचारलं याचंच बरं वाटलं.

कुलूप काय करत नाही

कुलूप पैसा तयार करत नाही. इलिनॉयमध्ये दुरुस्तीनंतरही रस्ते खराबच होते कारण इंधन कर १९९० पासून गॅलनमागे १९ सेंटवर अडकलेला होता. तो १ जुलै २०१९ ला ३८ सेंट झाला आणि महागाईप्रमाणे वाढायला लागला, तेव्हा कुठे मोठी कामं निघाली. पण माझ्या मते कुलूप आधी होतं म्हणून दुपटीची करवाढ लोकांनी थोडी तरी सोसली. दुसरं, जनरल फंडातून रस्त्याला मिळणारा पैसा हळूच कमी केला तर कुलूप त्याला अडवत नाही. आणि कुठला रस्ता आधी, कुठला नंतर, हेही कुलूप सांगत नाही.

एक शेवटचं, जे आता मजकूर लिहायला बसलेत त्यांच्यासाठी. इलिनॉयच्या मजकुरात गाडी चालवणाऱ्या ‘इंधनाचा’ उल्लेख आहे. इलेक्ट्रिक गाडीला आमच्याकडे रजिस्ट्रेशनवर वर्षाला १०० डॉलर जास्त द्यावे लागतात, ती फी रजिस्ट्रेशनची असल्यामुळे कुलुपात येते. पण उद्या चार्जिंगच्या युनिटवर कर आला तर वीज म्हणजे इंधन का, यावर कोणीतरी नक्की वाद घालेल. तुम्ही ‘इंधन’ लिहू नका, ‘वाहन चालवण्यासाठी वापरलेली कोणतीही ऊर्जा’ असं लिहा, आणि दर किलोमीटरमागे आकार घ्यायची पद्धत आली तर तोही आकार नाव घेऊन आत टाका.